बिल फुगलंय? आधी मीटर बघा

गॅसऐवजी इंडक्शन, बंबाऐवजी गीझर अशा घरात बिल वाढलं की बोलणी खातात बिचारे दिवे-पंखे. खरा खादाड बहुधा गीझर. २००० वॉटचा गीझर अर्धा तास तापला की १ युनिट; तेवढ्याच विजेत ९ वॉटचा एलईडी दिवा शंभर तासांहून जास्त चालतो. त्यामुळे गीझर अंघोळीपुरताच लावा.

मेन स्विच चालू ठेवून बाकी सगळी बटणं बंद करा, फ्रिज-इन्व्हर्टरचीही. तरी मीटरचा लाल दिवा लुकलुकत राहिला, तर वायरिंगमध्ये गळती असेल, नाहीतर जिन्यातला दिवा तुमच्या मीटरवर (हेही घडतं!). वायरमनला बोलवा.

महावितरणचा घरगुती दर महिन्याला १०० आणि ३०० युनिटांनंतर चढतो, त्यामुळे कपात आधी महागड्या युनिटांतूनच होते.