किडनीवर समर इंटर्नशिप हवीये? गाईड असा शोधा

सांगली-मिरजेतल्या बीएस्सी, बीफार्मच्या पोरांचा नेहमीचा प्रश्न, किडनीच्या आजारावर काम करायचंय पण मेल कुणाला टाकायचा. कॉलेजच्या वेबसाईटवरचे पत्ते बरेचदा जुने असतात, तिथं वेळ घालवू नका.

१. पबमेड (वैद्यकीय शोधनिबंध शोधायची मोफत वेबसाईट) उघडा, ॲडव्हान्स्ड सर्चमध्ये जा. एका ओळीत क्रॉनिक किडनी डिसीज टाका, दुसऱ्या ओळीत फील्ड ॲफिलिएशन (म्हणजे लेखकाची संस्था) निवडून पुणे किंवा मुंबई (शब्द इंग्रजीतच टाका), आणि डावीकडून शेवटची दोन-तीन वर्षं.

२. पेपर उघडून करस्पाँडिंग ऑथर (ज्याच्याशी पत्रव्यवहार करायचा तो लेखक) बघा, तिथं बहुतेक वेळा चालू ईमेल मिळतो.

३. मेल दहा ओळींच्या आत. त्यांच्या पेपरमधली एक गोष्ट नाव घेऊन लिहा, म्हणजे समजा त्यांनी रक्तातल्या क्रिएटिनिनवरून ईजीएफआर (किडनी किती गाळते याचा अंदाज) काढलाय तर त्याबद्दल तुमचा खरा एक प्रश्न, आणि तुम्हाला काय येतं ते, एक्सेलमध्ये डेटा भरता येतो एवढंही चालतं की! "रिस्पेक्टेड सर, आय ॲम हार्डवर्किंग" वाला मेल कुणी वाचत नाही.

हे दिवाळीच्या आसपासच सुरू करा, कारण भारतातल्या तिन्ही सायन्स अकादम्यांच्या (आयएएससी, इन्सा, नासी) दोन महिन्यांच्या समर फेलोशिपचे अर्ज साधारण तेव्हाच निघतात. एमबीबीएसवाल्यांनी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) एसटीएस, म्हणजे विद्यार्थ्यांसाठीची छोट्या संशोधनाची योजना बघावी, तिला गाईड आपल्याच कॉलेजचा लागतो.

एक मात्र सांभाळा, अमेरिकेत एनआयएचच्या (तिथली सरकारी आरोग्य संशोधन संस्था) पैशावर चालणाऱ्या बऱ्याच समर प्रोग्रॅमना तिथले नागरिक नाहीतर ग्रीनकार्डवालेच चालतात, त्यामुळं फॉर्म भरायच्या आधी एलिजिबिलिटी वाचा.