वन-लायनरच्या वह्या आणि कोयनेचं वळण

साताऱ्यात कम्बाईनच्या, म्हणजे एमपीएससीच्या संयुक्त परीक्षेच्या तयारीला बसलो तेव्हा पहिले सहा महिने मी एकच उद्योग केला, वन-लायनर, म्हणजे एका ओळीतली प्रश्नोत्तरं उतरवून काढली. दोनशे पानी दोन वह्या भरल्या. मग टेस्ट सिरीजमध्ये प्रश्न आला: क्रांतिसिंह नाना पाटलांचं गाव येडेमच्छिंद्र कोणत्या जिल्ह्यात? त्यांचं प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांविरुद्धचं समांतर सरकार, साताऱ्याचं, म्हणून डोळे झाकून सातारा. चूक! वर चुकीसाठी गुण कापले गेले तो निगेटिव्हचा फटका वेगळाच.

उत्तर सांगली. पण का, ते माझ्या वह्यांत कुठंच नव्हतं. प्रतिसरकारच्या काळात सांगली जिल्हाच नव्हता. 1949 मध्ये 'दक्षिण सातारा' वेगळा निघाला, 1960 मध्ये त्याचं नाव सांगली झालं. एवढं कळलं की यशवंतराव चव्हाणांचं देवराष्ट्रे आज सांगलीत का, हेही आपसूक सुटतं. समाधी मात्र कराडला, प्रीतिसंगमावर.

तेव्हापासून मी आधी नकाशा उघडतो. कोयनाच घ्या. उगम महाबळेश्वरचा, मग सह्याद्रीला समांतर दक्षिणेकडे धाव, हेळवाकजवळ पूर्वेला जवळजवळ काटकोनात वळण आणि कराडला कृष्णेशी भेट. धरण या वळणापाशीच. पाण्याची वाट पूर्वेची असताना वीज करायला ते पश्चिमेला पोफळीकडे का नेलं? कारण कोकणाच्या अंगाला सह्याद्री एकदम खाली तुटतो. पाणी जितक्या उंचीवरून पडेल तितकी वीज जास्त. 11 डिसेंबर 1967 चा भूकंपही इथलाच, आणि जलाशयातल्या पाण्याच्या भाराचा भूकंपाशी काय संबंध, हा प्रश्न त्याच्यामागोमाग येतो. एका नदीत भूगोल, ऊर्जा, इतिहास सगळं आलं की नाही?

कासच्या पठारावर ऑगस्ट-सप्टेंबरात एकदा जाऊन याच. साताऱ्याहून 25 किलोमीटरच्या आसपास. फुलांचे फोटो सगळेच काढतात; आपण पायाखालचा जांभा खडक बघायचा. माती जेमतेम, त्यात नत्र कमी, म्हणून दवबिंदू आणि सीतेची आसवं या वनस्पती कीटक खाऊन ती तूट भरून काढतात. 'कीटकभक्षी वनस्पती कुठे आढळतात' हे मला त्यानंतर कधी पाठ करावं लागलं नाही.

सांगलीचा माझा रूम पार्टनर याच पद्धतीनं 1843 धरून ठेवतो: विष्णुदास भाव्यांचं नाटक 'सीता स्वयंवर', सांगलीचे संस्थानिक पटवर्धनांच्या आश्रयानं. संस्थान आठवलं की नाटकही आठवतं.

पुस्तकं म्हणाल तर आधी स्टेट बोर्डाची, इतिहास-भूगोलाची. जाडजूड गाईड नंतर.

पुरस्कार, दिनविशेष, 'पहिले कोण' याला मात्र घोकंपट्टीशिवाय इलाज नाही. ते मी सकाळी बोगद्याकडे फिरायला जाताना पुटपुटतो. रोज भेटणारे एक काका मध्ये हात जोडून म्हणाले, "चालू द्या, चालू द्या. कुठला जप आहे?"