फोटोचं पेन्सिल स्केच बिघडतंय? या चुका टाळा

संगणकाने फोटोवरून काढलेलं स्केच मनासारखं आलं नाही की लोक लगेच दुसरं मॉडेल (उदाहरणांवरून शिकलेला प्रोग्राम) शोधायला लागतात. बऱ्याचदा मॉडेल ठीक असतं, आपण त्याला दिलेला फोटो ठीक नसतो. इथे 2020 सालच्या यू-स्क्वेअर-नेटचं पोर्ट्रेट मॉडेल समोर ठेवून सांगतो.

त्याआधी एक खात्री करा: तुमच्याकडचा कोड खरंच मशीन लर्निंगचा आहे का? फोटो करडा करायचा, त्यातलं काळं-पांढरं उलटवायचं, धूसर करायचा आणि एकाला दुसऱ्याने भागायचं, हा साधा फिल्टर झाला. वाईट नाही, पण डोळा कुठला आणि भिंत कुठली हे त्याला कळत नाही. (त्यात एरर येत असेल तर धूसर करणाऱ्या गॉसियन ब्लरचा आकडा बघा. तो विषम लागतो. 20 चालत नाही, 21 चालतो.)

सगळ्यात मोठी चूक म्हणजे अख्खा फोटो देणं. हे मॉडेल ज्या एपीड्रॉइंग संचावर शिकलं, त्यात फोटो आणि हाताने काढलेलं चित्र अशा जेमतेम 140 जोड्या, आणि सगळे जवळून टिपलेले चेहरे. त्याला लग्नातला ग्रुप फोटो दिलात की तो 512 × 512 मध्ये कोंबला जातो. एकेका चेहऱ्याच्या वाट्याला चाळीस-पन्नास पिक्सेल येतात आणि डोळ्यांच्या जागी नुसते ठिपके उमटतात. एकच चेहरा घ्या, केसांसकट आणि थोड्या खांद्यासकट, चौकोनात कापून. उभा फोटो तसाच रिसाइझ केला तर चेहरा चपटा होतो. त्यापेक्षा बाजूंना कोरी पट्टी जोडा.

गालावर बारीक जाळी दिसतेय? फोटो व्हॉट्सॲपवरून आलेला असणार. जेपेगचे 8 × 8 पिक्सेलचे ठोकळे मॉडेलला रेघा वाटतात. शार्प करायला गेलात तर जाळी आणखी ठसठशीत होईल. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा.

एका बाजूने कडक ऊन असेल तर नाकाच्या सावलीची मिशी होते. खिडकीजवळचा मऊ उजेड बरा. नथीचा मात्र ओठाशी गुंता होऊ शकतो. तेवढा भाग खुशाल हाताने काढा, त्यात कमीपणा नाही.

काळ्यावर पांढरं चित्र आलं तर मॉडेलचं आउटपुट (0 ते 1 मधले आकडे) 1 मधून वजा करायचं राहिलंय. चेहरा आडवा झाला तर पायथनच्या पिलो लायब्ररीत एक्झिफ ट्रान्सपोज (फाइलमध्ये नोंदलेल्या दिशेप्रमाणे फोटो सरळ करणारी सोय) लावा. ओपनसीव्ही ही लायब्ररी फोटोतले रंग निळा-हिरवा-लाल अशा क्रमाने वाचते, तो क्रम उलटवून घ्या.

राहिली छपाई. ए-फोर कागदाला 300 डीपीआयवर (इंचाला 300 ठिपके) 2480 × 3508 पिक्सेल लागतात. 512 चं चित्र तेवढं ताणलं की रेघा फुगतात. इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रेस बिटमॅप करून एसव्हीजी, म्हणजे पिक्सेलऐवजी रेघांची फाइल, बनवा. रेघ कितीही मोठी केली तरी स्वच्छ राहते. पेन्सिलीच्या करड्या छटा मात्र जातात, त्या हव्या असतील तर पोस्टकार्डाएवढीच प्रिंट काढा.