सॅमनच्या ओढ्यात हात घालण्याआधी या चुका टाळा

ऑक्टोबरात इसाक्वाच्या ओढ्यात सॅमन मासे समुद्राकडून अंडी घालायला वर चढायला लागले की सिएटल परिसरातली मराठी घरं मुलांना घेऊन पुलावर गर्दी करतात. पुढच्या आठवड्यात फोन सुरू होतात: "आम्हालाही नदीसाठी काहीतरी करायचंय. पंधरा-वीस जण आहोत, शनिवारी काम द्या." हे फोन आले की मला मनापासून आनंद होतो. पण नदीकाठचं काम एका शनिवारात संपत नाही. ते संपेल असं धरून येणारी माणसं दरवर्षी त्याच त्या चुका करतात, आणि त्या निस्तरताना पुढच्या हंगामाचे पैसे आणि हात खर्ची पडतात.

आधी परिस्थिती समजून घ्या. सिएटललगतच्या प्युजेट साउंड या खाडीतला चिनूक जातीचा सॅमन १९९९ साली केंद्र सरकारच्या संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत गेला, त्याच्याच कुळातला स्टीलहेड मासा २००७ साली. इथल्या शहरांनी नद्यांची मोडतोडही प्रचंड केली. १९१६ साली जहाजांच्या कालव्यासाठी वॉशिंग्टन सरोवराची पातळी सुमारे नऊ फूट उतरवली आणि ब्लॅक नावाची अख्खी नदी कोरडी पडली. सॅमामिश नदी १९६०च्या दशकात सरळ करून टाकली. डुवॉमिशचं वळणावळणाचं खोरं खणून बंदराचा सरळ कालवा केला. उरलेले लहान ओढे रस्त्यांखालच्या नळांत आणि दगडी भिंतींत कोंबले. एवढं बिघडलेलं सुधारायला वेळ लागणारच.

पहिली चूक: ओढा "साफ" करणं

ही चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे, आणि ती करणारे सगळे चांगल्या मनाचे असतात.

आपल्याकडे गावानं एकत्र येऊन ओढ्यातला गाळ उपसायचा, पात्र मोकळं करायचं, ही लोकसहभागाची ओळखीची रीत आहे. तीच सवय घेऊन आपण इथे येतो. पाण्यात आडवा पडलेला ओंडका, त्याला अडकलेल्या फांद्या, कुजका पाला, मेलेला मासा दिसला की हात शिवशिवतात. इथल्या सरकारी मत्स्य खात्यांनीही विसाव्या शतकाच्या मध्याला हेच केलं. ओंडक्यांमुळे माशांची वाट अडते असं समजून मैलोन्‌मैल ओढे मोकळे केले. आज तेच ओंडके, मुळांच्या गड्ड्यासकट, ट्रकनं आणून क्रेननं परत बसवले जातात.

ओंडका पाण्याला अडवून वळवतो. त्याच्या पुढे पाणी तळ खोदतं आणि डोह होतो, मागे बारीक गोटे साठतात. डोहात पिल्लं हिवाळी पुरापासून आणि बगळ्यांपासून लपतात, गोट्यांत मादी अंडी पुरते. कोहो ही सॅमनचीच एक जात; तिचं पिल्लू समुद्राकडे निघण्याआधी साधारण वर्षभर गोड्या पाण्यात राहतं. त्या वर्षात लपायला जागा मिळाली नाही तर ते जगत नाही. मेलेले मासेही वाया जात नाहीत. त्यांच्यावर पाण्यातले कीटक पोसतात, आणि कीटकांवर पुढची पिल्लं.

रेडमंडजवळच्या एका लहान ओढ्यावर एका कंपनीचा गट आला होता. मंडळी उत्साही होती, दोर घरूनच आणले होते. गटप्रमुख काहींना घेऊन वरच्या बाजूला रोपं दाखवायला गेला, तेवढ्यात खालच्यांनी पाण्यातल्या सगळ्या फांद्या आणि लहान ओंडके बाहेर ओढले. काठावर नीट रचून ठेवले, समोर उभं राहून फोटो काढला. त्या फांद्या आदल्या उन्हाळ्यात मुद्दाम, मोठ्या गड्ड्यामागे दाबून बसवलेल्या होत्या. नोव्हेंबरच्या पावसात पाणी तिथून सरळ सुटलं. डोह गाळानं भरला, गोटे वाहून गेले. "मग परत टाकू या," असं त्यांतला एक जण म्हणाला. परत टाकता येत नाही. पात्रात काहीही करायला राज्याच्या मत्स्य आणि वन्यजीव खात्याची परवानगी लागते, आणि कामाची मुभा उन्हाळ्यातल्या ठराविक आठवड्यांपुरतीच असते, कारण एरवी गोट्यांत अंडी असतात. म्हणजे पुढच्या उन्हाळ्यापर्यंत हात बांधून बसायचं. त्या वर्षीच्या पिल्लांना तो आसरा मिळाला नाही.

आता मी कोणाच्याही हातात फावडं देण्याआधी सगळ्यांना काठावर दहा मिनिटं नुसतं उभं करतो. फोन खिशात, बोलायचं नाही, फक्त पाणी कुठे वळतं ते पाहायचं. ज्याला हात लावायचा नाही त्याला निळी फीत बांधलेली असते. प्लास्टिक, काच, टायर, दुकानातल्या ढकलगाड्या काढायच्या. लाकूड, पाला, मेलेले मासे जिथे आहेत तिथे राहू द्यायचे. दहा मिनिटं उभं राहणं ज्यांना जमत नाही त्यांना मी पाण्यापासून लांब, झाडांच्या बुंध्याशी लाकडाचा भुसा पसरायला देतो. तेही गरजेचं काम आहे, आणि त्यानं ओढ्याचं काही बिघडत नाही.

दुसरी चूक: आराखडा झाल्यावर लोकांना विचारणं

"स्थानिक भागीदारी" हा शब्द प्रत्येक अनुदान अर्जात असतो. पण बहुतेक वेळा भागीदार शोधले जातात ते आराखडा तयार झाल्यावर, पत्रावर सही हवी म्हणून.

एका वस्तीतल्या गटानं ओढ्याचा वरचा काठ फार सुंदर केला. ब्लॅकबेरीची जाळी मुळासकट खणून काढली. सीडर, स्प्रूस आणि विलो (आपल्या वाळुंजाच्या कुळातली) लावली. शाळांच्या सहली आणल्या. मासा मात्र एकही येईना. कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. थोडं खाली, एका घराच्या खाजगी रस्त्याखाली जुनी नळाची मोरी होती. नळाचं तोंड खालच्या डोहाच्या पाण्यापासून गुडघाभर वर लटकलेलं, आणि आत पाण्याला इतका वेग की दमलेला मासा त्यात टिकणं शक्य नाही. गटातल्या कोणीही त्या घराची बेल कधी वाजवली नव्हती. "तो मालक तापट आहे," असं कोणीतरी सांगितलं होतं, आणि सगळ्यांनी ते धरून ठेवलं होतं.

मी गेलो. त्या काकांनी दार उघडलं, कॉफी दिली आणि पहिलं वाक्य म्हणाले ते असं: ती मोरी दर हिवाळ्यात तुंबते, माझा रस्ता बुडतो, ती काढायला मदत कराल का? मोरी जावी ही त्यांचीही इच्छा होती. पुढे शहराचं पावसाळी पाण्याचं खातं, इथल्या आदिवासी जमातीचे मत्स्यतज्ज्ञ, वरच्या वस्तीतला तो गट आणि हे काका एका टेबलाशी बसले. नळ गेला, तिथे रुंद पूल आला. परवानग्या आणि पैसे जुळायला काही वर्षं लागली, पण आधीची वर्षं माशाविना गेली ती कोणी भरून देणार नाही.

म्हणून माझा नियम असा: ओढा मुखापासून वर चालत जायचा, मुळापासून खाली नाही. मासा ज्या क्रमानं येतो त्या क्रमानं आपणही अडथळे पाहायचे. राज्याचा माशांच्या अडथळ्यांचा नकाशा खुला आहे, तो घरी बसून पाहता येतो. मोरी कोणाच्या मालकीची आहे तेही पाहा. २०१३ साली केंद्रीय न्यायालयानं वॉशिंग्टन राज्याला मासे अडवणाऱ्या मोऱ्या दुरुस्त करायचा आदेश दिला, आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयात चार विरुद्ध चार अशी मतं पडून तो कायम राहिला. पण तो आदेश राज्याच्या मालकीच्या मोऱ्यांपुरता आहे. शहराच्या, काउंटीच्या आणि खाजगी मोऱ्यांसाठी बेल आपल्यालाच वाजवावी लागते.

मोऱ्यांचा तो खटला जिंकला तो इथल्या २१ आदिवासी जमातींनी. त्यामागे जमातींनी १८५०च्या दशकात केंद्र सरकारशी केलेले करार आहेत आणि १९७४ साली न्यायाधीश बोल्ट यांनी दिलेला निकाल आहे. त्या निकालानं पकडण्याजोग्या माशांपैकी निम्म्यापर्यंत वाटा जमातींचा ठरवला आणि त्यांना राज्याच्या बरोबरीनं मत्स्य व्यवस्थापनात बसवलं. तरीही मकलशूट किंवा सुक्वॉमिश जमातीला उद्घाटनाच्या दिवशी चार शब्द बोलायला बोलावणारे गट मी पाहतो. लग्न ठरवून, पत्रिका वाटून झाल्यावर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारायला जाण्यातला हा प्रकार आहे. त्यांच्याकडे स्वतःचे जीवशास्त्रज्ञ आहेत, या पाण्याची कित्येक पिढ्यांची माहिती आहे. पहिला फोन तिकडे करा.

पैशांची जोडणीही अशीच होते. सिएटलच्या उत्तर भागात थॉर्नटन ओढ्यावर पुरानं घरं बुडत होती. ती पूरग्रस्त घरं विकत घेऊन शहरानं ओढ्याला पसरायला जागा दिली, तळ खोलवर खणून गोट्यांचा थर घातला, म्हणजे पाणी तळाखालूनही वाहील. २०१४ साली काम झालं, आणि २०१८ च्या शरदात तिथे चिनूक अंडी घालताना दिसले. पूर हटवायचे पैसे आणि माशांसाठीचे पैसे एकाच खड्ड्यात पडले म्हणून हे जमलं. तुमच्या ओढ्यावर पुराचा, सांडपाण्याचा किंवा रस्त्याचा प्रश्न कोणाला छळतोय ते आधी शोधा. तोच तुमचा भागीदार.

नॉटवीड कापणं

नॉटवीड म्हणजे ओढ्याकाठी माजणारं परकं तण. ते कापू नका. उपटू नका. तण कापायचं यंत्र तर जवळही नेऊ नका. त्याच्या पेराचा लहानसा तुकडा वाहून खाली गेला तरी तिथे नवं रान उगवतं. पाण्याकाठी औषध वापरायला परवाना असलेला माणूस लागतो, आणि ते उन्हाळ्याच्या अखेरीस करायचं असतं. काउंटीच्या तण नियंत्रण कार्यक्रमाला कळवा आणि थांबा.

झाड लावलं, फोटो काढला, गेले

इथे पावसाचं नाव मोठं असलं तरी जुलै-ऑगस्ट कोरडे जातात. रोपं ऑक्टोबर ते मार्चमध्ये लावा आणि पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी द्या. जो गट उन्हाळ्यातल्या पाण्याच्या पाळ्या लिहून देत नाही त्याला मी रोपं देत नाही. यावर माझ्याशी बरेच जण भांडले आहेत. तरी मी बदलणार नाही, कारण ऑगस्टमध्ये वाळलेल्या सीडरच्या रांगा मी पाहिल्या आहेत. काठाला बीव्हर (झाडं कुरतडून पाण्यात बांध घालणारा प्राणी) असतील तर बुंध्याला जाळी लावा. बीव्हरला हाकलायचं नाही, त्याचे बांध पिल्लांच्या कामाचे आहेत.

थोडक्यात सांगण्यासारख्या

शरद ते वसंत पाण्यात उतरू नका, मुलांनाही नाही आणि कुत्र्यालाही नाही. पायाखाली अंडी असतात.

माशांना पाव-पोळी टाकू नका. वर चढणारा प्रौढ सॅमन खात नाही.

घरच्या टाकीतले मासे, गोगलगाई ओढ्यात सोडू नका.

पुढच्याच वर्षी मासे मोजून "काम फसलं" म्हणू नका. कोहो साधारण तिसऱ्या वर्षी परततो, चिनूकला आणखीही लागतात. तोवर तळातले कीटक मोजा. ते ओढ्याची तब्येत लवकर सांगतात.

रस्त्याचं पाणी विसरणं

काठ देखणा, मोरी मोकळी, मासा आलाय, आणि मादी पोटातल्या अंड्यांसकट मरून पडलीय. पश्चिम सिएटलच्या लाँगफेलो ओढ्यात शरदाच्या पहिल्या पावसानंतर कोहोंचं हे असं अनेक वर्षं चाललं होतं. २०२० च्या डिसेंबरात कारण प्रसिद्ध झालं. गाडीच्या टायरचं रबर टिकावं म्हणून त्यात एक रसायन घालतात. त्याची हवेतल्या ओझोनशी क्रिया होऊन जे तयार होतं, ते पावसासोबत ओढ्यात उतरतं आणि कोहोला काही तासांत मारतं. चम या सॅमनच्या दुसऱ्या जातीला ते तसं मारत नाही. म्हणून "आमच्या ओढ्यात चम येतात, पाणी चांगलं आहे" हा निष्कर्ष काढू नका.

यावर एक उपाय हाताशी आहे. रस्त्याचं पाणी वाळू आणि कंपोस्टच्या मिश्रणातून गाळून सोडलं, तर त्यात कोहो जगतात, हे इथल्या संशोधकांनी प्रत्यक्ष मासे ठेवून दाखवलं आहे. साठ भाग वाळू, चाळीस भाग कंपोस्ट असं ते मिश्रण होतं. तुमच्या कंपनीच्या वाहनतळाचं किंवा देवळाच्या, शाळेच्या आवाराचं पाणी कोणत्या गटारात जातं ते विचारा आणि तिथे पावसाची बाग, म्हणजे ते पाणी असं गाळून जिरवणारी बाग, करायला जागामालकाला तयार करा. बाग केल्यावर तिच्या तोंडाशी साचणारा गाळ आणि पाला दर शरदात, पहिल्या मोठ्या पावसाआधी काढायचा. तो कोण काढणार त्या माणसाचं नाव करारातच लिहून घ्या, आणि तो गाव सोडून गेला तर दुसरं कोण, तेही.