डेस्कटॉप सुरूच होत नाही? मदरबोर्डवर संशय सगळ्यात शेवटी

डेस्कटॉप अचानक बंद पडला की घरातल्यांना पहिली काळजी वाटते ती फोटोंची. ती आधी सोडा. फोटो आणि हिशेब हार्ड डिस्कवर असतात, आणि बटण दाबून काहीच होत नाही तेव्हा दोष बहुतेक वेळा वीज पोचण्याच्या वाटेवर असतो. मी इंदुरात एका शाळेची कंप्यूटर लॅब सांभाळते आणि सुदामा नगरातल्या ओळखीच्या काका-काकूंचे डेस्कटॉपही बघते. 'बोर्ड उड गया' एवढं ऐकून नवा मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्यावर जोडलेले असतात तो मुख्य बोर्ड, घ्यायला निघालेली माणसं मी पाहिली आहेत. तपासणी भिंतीपासून सुरू करा आणि एकेक टप्पा आत जा.

पंखे फिरतात पण पडदा काळा, असं असेल तर वीज पोचते आहे. मग मॉनिटरची केबल बघा आणि वीज बंद करून रॅम, म्हणजे बोर्डवरची मेमरीची पट्टी, काढून परत घट्ट बसवा. मशीन सुरू होऊन चार-पाच सेकंदांत बंद होत असेल तर पुढचं बटण आत अडकलंय का बघा, कारण बटण तेवढा वेळ दाबलेलं राहिलं की कंप्यूटर स्वतःच बंद होतो. खरी शोधाशोध लागते ती अगदीच शांत पडलेल्या मशीनला.

यूपीएस आणि एक्स्टेंशन बोर्ड बाजूला करून केबल थेट भिंतीत लावा. त्याच सॉकेटवर टेबल फॅन चालतोय ना, हेही बघा. जूनच्या वादळांत आपल्याकडे लाइट सारखी ये-जा करते आणि जुन्या यूपीएसची बॅटरी त्यातच दम तोडते. बॅटरी पार गेली की काही यूपीएस भिंतीत लाइट असूनही सुरू होत नाहीत. मॉनिटरची पॉवर केबल बहुधा त्याच जातीची असते, ती लावून बघा. कॅबिनेटच्या मागे एसएमपीएसचा, म्हणजे भिंतीतली वीज कंप्यूटरला लागेल तशी करून देणाऱ्या डब्याचा, छोटा खटका असतो. झाडपूस करताना तो हमखास दाबला जातो. जुन्या एसएमपीएसवर ११५ आणि २३० असा लाल खटकाही असतो. तो २३० वरच हवा.

आता केबल काढा, पुढचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, थोडं थांबा आणि परत लावा. विजेचा झटका बसला की एसएमपीएस कधीकधी स्वतःला वाचवण्यासाठी अडून बसतो, तो एवढ्याने मोकळा होतो.

नाही झाला तर कॅबिनेट उघडा. केबल लावलेली असताना बऱ्याच मदरबोर्डांवर एक बारीक दिवा लागतो, कारण कंप्यूटर बंद असला तरी एसएमपीएस ५ व्होल्ट देतच असतो. तो दिवा लागला तर बटणावर संशय घ्या. केबल काढा, 'पॉवर स्विच' लिहिलेली दोन तारांची बारीक पिन उपसा आणि तिच्या जागी 'रिसेट'ची पिन बसवा. केबल लावून रिसेट दाबा. मशीन सुरू झालं तर दोष बटणाचा होता, आणि नवं बटण मिळेपर्यंत रिसेटवर काम चालतं. ही युक्ती मला फार आवडते, कारण तिला एक पैसाही लागत नाही.

दिवाच नसेल तर एसएमपीएस तपासा. केबल काढून त्याच्या सगळ्या तारा बोर्ड आणि डिस्कपासून सोडवा. २४ पिनांच्या मोठ्या कनेक्टरमध्ये हिरवी तार एकच असते. ती आणि शेजारची काळी कागदाच्या क्लिपने जोडा, हात काढा आणि मगच वीज द्या. पंखा फिरला तर जीव आहे, पण तेवढ्यावर 'चांगला' म्हणू नका. मल्टिमीटरवर पिवळ्या तारेला ११.४ ते १२.६ आणि लाल तारेला ४.७५ ते ५.२५ व्होल्ट दिसले पाहिजेत. सगळ्या तारा काळ्या असतील तर अंदाजाने क्लिप खुपसू नका, दुकानात तपासून घ्या. आणि एसएमपीएसचा डबा कधीही उघडू नका. आतल्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्टच्या आसपास दाब असतो, आणि केबल काढल्यावरही तो काही काळ टिकतो.

एसएमपीएस ठीक, तरी पंखा क्षणभर थरथरून थांबतो? मग कुठेतरी शॉर्ट आहे. प्रत्येक वेळी केबल काढून ग्राफिक्स कार्ड, डिस्क, पुढच्या यूएसबीच्या तारा एकेक सोडवत जा. जे सोडल्यावर मशीन सुरू होईल, ते दोषी. प्रोसेसरजवळचा चार किंवा आठ पिनांचा कनेक्टरही घट्ट बसवा.

इतकं करूनही शांतच असेल तेव्हा मदरबोर्डचं नाव घ्या. सिल्व्हर मॉलला, म्हणजे इंदुरातल्या कंप्यूटर बाजारात, नेण्याआधी काय काय तपासलं ते कागदावर लिहा आणि दुकानदाराला आधी दुसरा एसएमपीएस लावून दाखवायला सांगा. हार्ड डिस्क काढून घरी ठेवा; या तपासणीला ती लागत नाही. काही बदललंच तर जुना भाग मागून घ्या.