बारा बोअरचे जुने चोक: घेताना काय पाहावं, मुंबईच्या हवेत कसे जपावेत

बारा बोअरच्या शॉटगनची, म्हणजे छर्ऱ्यांच्या बंदुकीची, नळी आतून साधारण 18.5 मिलिमीटर. तोंडाशी ती जेमतेम मिलिमीटरभर आवळली की झाला फुल चोक, अर्धा मिलिमीटर आवळली की मॉडिफाइड. एवढ्याशा फरकाने 40 यार्डांवरच्या 30 इंची वर्तुळात छर्ऱ्यांचं प्रमाण 70 टक्क्यांवरून 60 वर येतं. एकाच नळीतून घट्ट आणि पसरट असा दोन्ही प्रकारचा मारा व्हावा म्हणून अमेरिकेत तोंडाला लावायची साधनं निघाली. कट्स कॉम्पेन्सेटर आणि पॉली-चोक ही त्यातली दोन नावं संग्राहकांच्या तोंडी कायम असतात.

गंमत अशी की ही साधनं बसवायची तर बहुतेक वेळा मूळ नळी कापावी लागायची. त्यामुळे चांगल्या बंदुकीची किंमत उतरली, पण सुट्या साधनाची वाढली. डबी, पान्हा आणि चोकच्या सगळ्या सुट्या नळ्या जागच्या जागी असलेला संच क्वचितच हाती लागतो.

पैसे देण्याआधी कायदा बघा. 1959 च्या शस्त्र कायद्यात बंदुकीचे भागही 'अग्निशस्त्र' या व्याख्येत येतात. दुसऱ्या भागांबरोबर वापरायचे नसलेले किरकोळ भाग कलम 45 मध्ये वगळले आहेत, पण तुमची वस्तू त्यात बसते की नाही हे विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर सोडू नका. क्रॉफर्ड मार्केटसमोरच्या पोलीस आयुक्तालयातल्या परवाना शाखेकडून लेखी उत्तर घ्या. बंदुकीची नळी आखूड करायला कलम 6 प्रमाणे वेगळा परवाना लागतो, तेव्हा 'एकदा बसवून बघू' हा विचार मनातून काढलेला बरा. परदेशातून कुरिअरने मागवण्याच्याही फंदात पडू नका.

कट्स कॉम्पेन्सेटर हे नाव कर्नल रिचर्ड कट्स यांच्यावरून पडलं. याच नावाचं साधन थॉम्सन सबमशीनगनवरही वापरलं गेलं. शॉटगनसाठी ते कनेक्टिकटमधल्या लायमन कंपनीने बनवलं. नळीवर बसणारा अडॅप्टर, चिरा असलेला पिंजरा आणि पुढे आट्यांवर फिरणारी चोकची नळी असे त्याचे तीन भाग. खरी किंमत या नळ्यांची. पुष्कळ नळ्यांवर तोंडाचं माप इंचाच्या हजाराव्या भागात कोरलेलं असतं. समजा .705 लिहिलंय, म्हणजे 17.9 मिलिमीटर. ते पडताळून पाहा, पण नुसत्या व्हर्नियरवर विसंबू नका. त्याच्या आतल्या जबड्यांच्या कडा सपाट असतात, म्हणून गोल भोकात माप किंचित कमी भरतं. नागदेवी स्ट्रीटवरून टेलिस्कोपिक गेज (भोकाचं आतलं माप घ्यायचं साधन) आणि मायक्रोमीटर घ्या, नळी फिरवत तीन ठिकाणी मोजा. तिन्ही मापं जुळली नाहीत तर नळी आपटलेली आहे किंवा कुणीतरी आतून घासली आहे.

पॉली-चोकमध्ये बाहेरची बांगडी फिरवली की आतल्या कॉलेटच्या, म्हणजे उभ्या चिरा पाडलेल्या नळीच्या, पाकळ्या आवळतात. बांगडी फुल चोकच्या खुणेवर आणा आणि तोंडातून टॉर्च मारा. पाकळ्या कळीसारख्या एकसारख्या मिटल्या पाहिजेत. एक पाकळी मागे राहिली तर ती वाकलेली आहे, मुळाशी केसासारखी रेघ दिसली तर चिरलेली. चिरलेला माल सोडून द्या, तो दुरुस्त होत नाही.

सर्वात जास्त नुकसान होतं ते चोकची जाम झालेली नळी सोडवताना. आट्यांत जुन्या बारुदाची काजळी आणि शिसं घट्ट बसलेलं असतं. मूळ पान्हा नसला की लोक पकड लावतात, नळीवर दात उमटतात आणि संग्राहकाच्या लेखी ती तिथेच संपते. आट्यांच्या सांध्यात पेनिट्रेटिंग ऑइलचे दोन-चार थेंब सोडून दिवसभर ठेवा, पुन्हा सोडा, गरज पडली तर आठवडाभर. मग जाड चामड्यात धरून हाताने फिरवून पाहा. ब्लो टॉर्च नको: अडॅप्टर सोल्डरने बसवलेला असेल तर तो सुटेल, आणि निळसर काळा मुलामाही बिघडेल. निघाल्यावर आटे रॉकेल आणि पितळी ब्रशने साफ करा. स्टील वूल, पॉलिश पेपर, नव्याने ब्लूइंग (तोच निळसर काळा मुलामा पुन्हा चढवणं) यातलं काहीच नको. जुना घासलेला रंग नव्या चकाकीपेक्षा बरा.

राहिला पावसाळा. घामाच्या बोटाचा ठसा जुलैत दोन दिवसांत गंजाचा ठसा होतो, म्हणून हाताळल्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा हलका हात फिरवा. पुठ्ठ्याची मूळ डबी वेगळी ठेवा, कारण ओलावा तीच धरते. चामड्याच्या केसमध्येही काही ठेवू नका, कमावलेल्या चामड्यातली रसायनं पोलादाला खातात. कॅमेऱ्याच्या लेन्ससाठी मिळतं ते ड्राय कॅबिनेट 45 टक्के आर्द्रतेवर लावलं की काम भागतं. तेवढा खर्च नको असेल तर घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल. मात्र जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा कोरडं करायचं, ऑगस्टमध्ये तर दर आठवड्याला बघायचं.