आई-वडिलांच्या देखभालीची जबाबदारी भावंडांनी कशी वाटून घ्यावी

एकत्र कुटुंबात म्हाताऱ्या माणसांचे कोणी करायचे हा प्रश्न सहसा विचारलाच जात नसे, कारण ते घरातल्या सुनेने करायचे हे गृहीत धरलेले असे. आता एक मुलगा पुण्यात, दुसरा परदेशात, मुलगी नाशिकला आणि आई-वडील गावी, अशी घरे ठिकठिकाणी आहेत आणि सूनही नोकरीला जाते. पूर्वी न बोलता होणारे हे काम आता बोलून, ठरवून आणि लिहून करावे लागते. हे बोलणे आई-वडील हिंडते-फिरते असतानाच व्हावे. रुग्णालयाच्या व्हरांड्यात घाईने ठरवलेली वाटणी क्वचितच टिकते.

गणपतीला किंवा दिवाळीला सगळे एकत्र येतात, तेव्हा त्यातली एक दुपार यासाठी राखून ठेवावी. आई-वडिलांना त्या बैठकीत बसवावे आणि कुठे राहायला आवडेल हे आधी त्यांनाच विचारावे. चार-चार महिन्यांची पाळी लावणे, किंवा आई एकाकडे आणि वडील दुसऱ्याकडे ठेवणे, हे मुलांच्या हिशेबाला सोयीचे असले तरी माझ्या मते ते टाळलेच पाहिजे. पन्नास वर्षे एका ताटात जेवलेल्या माणसांना उतारवयात वेगळे करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

त्यानंतर पैशांकडे न वळता कामांची यादी करावी. एक आठवडाभर वहीत रोजची कामे लिहीत जावे: रक्तदाबाच्या गोळ्या संपण्याआधी आणणे, गॅस नोंदवणे, डॉक्टरांकडे नेऊन दोन तास रांगेत बसणे, रात्री दोनदा उठून आईला बाथरूमपर्यंत धरून नेणे, मदतनीस बाई न आल्यास स्वयंपाक करणे. प्रत्येक कामापुढे ते कोण करते त्याचे नाव लिहावे. बहुतेक घरांत पानभर एकच नाव येते, आणि ते बहुधा वहिनीचे किंवा अविवाहित बहिणीचे असते. ते पान सर्वांनी वाचल्याशिवाय वाटणीला सुरुवात करू नये. लांब राहणाऱ्याला बिले, विमा आणि औषधांची मागणी ही कामे फोनवरून करता येतात. शिवाय त्याने वर्षातून काही दिवस स्वतः येऊन राहावे, म्हणजे रोज करणाऱ्याला खरी सुट्टी मिळेल. जो वेळ देतो त्याच्याकडून पैशांचा समान वाटा मागू नये. बाकीच्यांनी आपापल्या मिळकतीच्या प्रमाणात दरमहा एका वेगळ्या खात्यात रक्कम भरावी आणि खर्चाचा हिशेब सर्वांना दिसेल असा ठेवावा.

बारा किंवा चोवीस तासांची बाई ठेवायची असेल, तर तिचे जेवण, आठवड्याची सुट्टी आणि नेमकी कामे आधी ठरवावीत आणि पोलीस पडताळणी करून घ्यावी.

कायदा काय सांगतो हेही सर्वांना ठाऊक असावे. ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाविषयीच्या २००७ च्या कायद्यात मुलगा, मुलगी आणि सज्ञान नातवंडे यांच्यावर जबाबदारी टाकली आहे. अपत्यांच्या त्या व्याख्येत सुनेचा उल्लेख नाही. ज्या कामाचा सगळा भार घरोघरी सुनेवर असतो, ते कायद्याने मुळात पोटच्या मुलांचे आहे. लेकीनेही लग्नाचे कारण पुढे करू नये, कारण १९९४ मध्ये महाराष्ट्राने आणि २००५ मध्ये केंद्राने हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून वडिलोपार्जित मालमत्तेत तिला मुलाच्या बरोबरीचे स्थान दिले आहे. मुले सांभाळत नसतील, तर आई-वडिलांना उपविभागीय अधिकाऱ्यांकडील न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. सल्ल्यासाठी १४५६७ ही ज्येष्ठांची मदतवाहिनी आहे.

घर मुलाच्या नावे करण्याची घाई मात्र आई-वडिलांनी करू नये. बक्षीसपत्र करायचेच असेल, तर सांभाळण्याची अट त्यात स्पष्ट लिहून घ्यावी. अशी अट मोडल्यास ज्येष्ठ नागरिकांच्या त्याच २००७ च्या कायद्याच्या कलम २३ नुसार ते रद्द करून घेता येते. एरवी दोन साक्षीदारांच्या सह्यांचे मृत्युपत्र बरे, कारण ते हयातीत केव्हाही बदलता येते. बँकेत नॉमिनी म्हणून नाव असले म्हणजे तो मालक झाला असे नव्हे, हेही भावंडांनी आधीच समजून घ्यावे; पुढची कितीतरी भांडणे याच गैरसमजातून होतात.

कागदपत्रांची एकच फाइल करावी आणि ती कुठे आहे हे प्रत्येकाला माहीत असावे. सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळते, म्हणून ते कार्ड वेळेवर काढून त्याच फाइलमध्ये ठेवावे. निवृत्तिवेतन असल्यास नोव्हेंबरमधल्या हयातीच्या दाखल्याची जबाबदारी एकाच्या नावावर लिहावी. दर सहा महिन्यांनी कामांची वही पुन्हा उघडावी, कारण तब्येत, नोकरी आणि नातवंडांच्या शाळा यांतले काही ना काही तोवर बदललेले असते, आणि त्या वेळी पहिला प्रश्न रोज उशाशी बसणाऱ्या माणसाला विचारावा: तुला आता किती झेपते?